खाडीजवळच्या घराचं लाकडी डेक दुरुस्त होतं का, की सगळं काढूनच टाकावं?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीला खाडीकडच्या बाजूला रो-हाऊस आहे, वरच्या टेरेसवरचं सागवानी डेक, म्हणजे वाशांवर फळ्या ठोकून केलेली जमीन, काळं पडलंय, दोन-तीन फळ्या पायाखाली मऊ लागतात, आणि कंत्राटदार म्हणतो, “खारी हवा आहे, इथे लाकूड टिकणारच नाही, सगळं काढा आणि डब्ल्यूपीसी टाका.” डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या. हेच वाक्य मी माझ्या व्याह्यांच्या तोंडून ऐकलंय. म्हणून लिहायला बसलो.

मी निवृत्त होईपर्यंत मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात सुतारकाम केलं. जहाजावरचं सागाचं डेक खलाशी जुन्या काळापासून समुद्राच्याच पाण्याने धूत आणि घासत आले आहेत. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला खारं पाणी मानवत नाही. तिला हवं असतं पावसाचं गोडं पाणी, तेही एका जागी मुरून राहिलेलं. ते आपल्याकडे चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतं. खारी हवा खाते ती लोखंडाला. हा फरक ज्याला कळत नाही त्याने डेकला हात लावू नये.

माझी मुलगी सीवूड्सला असते. घर तिच्या सासऱ्यांचं, टेरेसवर असंच सागाचं डेक. मुलीच्या सासरी गेल्यावर बापाने चहा घ्यावा, नातवाला जवळ घ्यावं आणि निघावं, असं मानणारा मी माणूस. पण त्या दिवशी व्याह्यांनी कंत्राटदार बोलावला होता आणि तो एकही फळी न उचलता, बूट आपटून सांगत होता की आतून सगळं सडलंय. व्याही माना डोलावत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमच्या गोदीत ठीक होतं हो, तिथे सरकारी खर्च. घराला लाकूड परवडत नाही.” ते मला लागलं. जावयांना म्हटलं, पेचकस आणा, एक फळी उघडून बघू.

स्क्रू फिरलाच नाही, डोकं तुटून हातात आलं. दुसऱ्याचंही तेच. काळे जिप्समचे स्क्रू होते, फॉल्स सीलिंगला लावतात ते. उघड्या टेरेसवर, खाडीच्या तोंडाशी, कोणी तरी ते मारून मोकळा झाला होता. पहार घालून फळी उचलली. प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढी जागा काळी आणि भुसभुशीत. तिथून चार बोटं पलीकडे पटाशी टोचली तर आत पिवळाधमक, तेलकट साग, लांब धलपी निघाली. लोखंड गंजलं की सागातल्या टॅनिनशी त्याची प्रक्रिया होऊन लाकूड काळं पडतं, गंज फुगून भोक सैल होतं, मग पाणी तिथूनच आत शिरतं. कंत्राटदार ज्याला सडणं म्हणत होता ते बहुतेक सगळं स्क्रूंचं पाप होतं.

खालची अवस्था त्याहून वाईट होती. वासे थेट स्लॅबवर टेकवलेले, तेही उताराला आडवे. कुंड्यांतली माती आणि झाडांची पानं त्यांना अडून चिखल झालेला, पाण्याच्या पाइपची जाळी पूर्ण बुजलेली. पाऊस कधीच संपला होता, तरी खाली बोट लावलं तर ओल. ज्या फळ्या मऊ झाल्या होत्या त्या नेमक्या कुंड्यांखालच्या.

मी व्याह्यांना तिथेच त्रिंकोमाली जहाजाचं सांगितलं. 1817 साली जहाजं बांधणाऱ्या वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागातून बांधलेलं हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. ते आपोआप टिकलेलं नाही, त्याची मोठी दुरुस्ती झाली, जिथे लाकूड गेलं तिथे नवं बसवलं. लाकडाचा मोठेपणा तोच आहे की त्यातला खराब तुकडा काढून चांगला घालता येतो. व्याही म्हणाले, “जहाजाची गोष्ट वेगळी.” वेगळी कशी, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

काम आम्ही आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून करून घेतलं, मी शेजारी उभा राहिलो. मऊ फळ्या बदलल्या. बाकीच्या उलट्या केल्या, कारण खालची बाजू रंधा मारल्यावर नव्यासारखी निघाली. वाशांखाली रबराचे तुकडे देऊन ते स्लॅबपासून उचलले, म्हणजे पाणी खालून वाहून जाईल. वाशांच्या डोक्यावर ब्यूटाइल रबराची चिकटपट्टी लावली, कारण फळी आणि वासा जिथे टेकतात तिथेच पाणी अडकतं. फळ्यांत पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवली. उन्हाळ्यात घट्ट भिडवलेल्या फळ्या जुलैत फुगून उचलतात. आणि स्क्रू 316 ग्रेडचे स्टेनलेस. दुकानदार 304 देईल, चालतं म्हणेल. खाडीजवळ 304 वर तपकिरी डाग येतात, 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खारी हवा सोसतं. लोहचुंबक लावून या दोन्हीतला फरक कळत नाही, तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या.

तुम्हीही आधी एक फळी उघडून बघा, निर्णय नंतर. मऊ जागी पटाशीचं टोक खुपसून वर उचकटा. लांब धलपी निघाली तर लाकूड जिवंत आहे, बिस्किटासारखा तुकडा पडला तर गेलं. नुसता राखाडी रंग म्हणजे नासणं नव्हे, साग उन्हात राखाडी होतोच. लोखंडाचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने निघतात, हातमोजे घालून करा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. वरून पीयू किंवा मेलॅमाइनचं चकचकीत पॉलिश अजिबात नको. उन्हाने त्याला तडे जातात, तड्यातून पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. मिस्त्री अळशीचं कच्चं तेल लावायला सांगतात, त्यावर आपल्या पावसाळ्यात बुरशी चढते. बाहेरच्या लाकडासाठीचं तयार डेक ऑइल घ्या, पावसाआधी एक हात द्या, आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोनदा पाजा. पाणी टोकातून सगळ्यात जास्त पितं लाकूड. मोठी दुरुस्ती मात्र दिवाळीनंतर काढा, लाकूड सुकू द्या.

खर्चाचं विचारलंय. फळी न उघडता जो आकडा सांगेल त्याचा आकडा धरू नका, एवढंच म्हणेन.

आणि डब्ल्यूपीसीचं. व्याही अजून म्हणतात की तेव्हाच ते टाकलं असतं तर कटकट मिटली असती. नसती मिटली. तेच स्क्रू, तोच चिखल, तेच आडवे वासे राहिले असते आणि वर प्लास्टिक आलं असतं. मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून बघा. पोकळ फळीत पाणी शिरलं की ते तिथेच राहतं. चरा पडला तर रंधा मारता येत नाही, फळी फेकावीच लागते, आणि पुढे तो रंग कंपनीने बंद केला असला की ठिगळ दिसतं.

तरी काही गोष्टी सांगायला हव्यात. तुमचं लाकूड खरंच साग आहे का, तेही गाभ्याचा, हे आधी पाहा. बाहेरचा पांढुरका भाग असेल किंवा साधं पाइन असेल तर तुमच्या कंत्राटदाराचं ऐका, त्यात पैसे घालू नका. फ्रेम लोखंडी पाइपची असेल तर ती आतून गंजते, वरून रंग छान दिसतो, म्हणून टोकं ठोकून आवाज ऐका. स्लॅबला कुठेही ड्रिल मारू देऊ नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या खोलीत गळेल. वर्षातून एकदा तेल लावणं आणि जाळी साफ करणं जमणार नसेल, घर वर्षभर बंद राहत असेल, तर डब्ल्यूपीसी टाका, मी अडवणार नाही. आणि रेलिंगचे खांब लाकडी असतील तर ते बुडाशी हलवून बघा. थोडा जरी हलला तर तिथे दुरुस्ती नाही, खांब नवा. तो बसेपर्यंत टेरेसच्या दाराला कुलूप लावा.