सरासरीचा पावसाच्या सरींशी संबंध नाही

प्रश्न असा आला आहे: 'नदीच्या पाणलोट क्षेत्राची दीर्घकालीन सरासरी' यात 'पाणलोट' बरोबर की 'खोरे'? आणि सरासरी म्हणजे दरवर्षी पडतो तेवढाच पाऊस ना?

नाही! 'यंदा सरासरीएवढा पडला नाही, म्हणजे काहीतरी बिघडलं' हे ऐकून कान किटले. दीर्घकालीन सरासरी बहुधा ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात आणि नेमका तेवढाच पाऊस एखाद्या वर्षी पडला तर तो योगायोग.

आता मुद्द्याचं. 'सरासरी' पावसाच्या सरींपासून आली असं ठासून सांगणारे भेटतात. मग परीक्षेतल्या गुणांची सरासरी कुठल्या ढगातून पडते? शब्द फारसी आहे. 'सर' म्हणजे डोकं, टोक. 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. हिंदीतलं 'सरासर झूठ' तेच. अशाच घडणीचा दुसरा शब्द तुमच्या प्रश्नातच बसला आहे: 'बरोबर'. फारसी 'बर' म्हणजे छाती. 'बराबर' म्हणजे छातीला छाती भिडवून, एका रांगेत.

आणि पाणलोटाच्या पावसाला हा शब्द किती चपखल बसतो पाहा. पर्जन्यमापक एका ठिपक्यावरचा पाऊस मोजतो. आपल्याला हवा असतो तो टोकापासून टोकापर्यंत सारखा पसरला तर किती उंचीचा थर होईल, तो आकडा. समजा, डोंगरावरच्या मापकात २००० मिलिमीटर, सपाटीवरच्यात ५००. बेरीज करून दोनाने भागलं की १२५०. पण डोंगराच्या वाट्याला क्षेत्राचा दहावा हिस्साच असेल, तर खरा आकडा ६५०. प्रत्येक मापकाला त्याच्या भोवतालच्या क्षेत्राइतकं वजन द्यायची ही रीत अमेरिकी हवामानतज्ज्ञ थिसेन यांनी १९११ साली मांडली. त्यांना फारसी येत असो-नसो, त्यांनी केलं ते 'सरासर'च.

शुद्धिवाद्यांना इथे 'सरासरी'ऐवजी संस्कृत 'माध्य' हवा असतो. गणिताच्या वहीत खुशाल ठेवा. पण पसरण्याचा अर्थ त्यात कुठे आहे? शिवाय ज्या 'सर'ला परका म्हणून हाकलता, तो संस्कृत 'शिरस्'चा सख्खा भाऊ आहे. (माझ्या मते 'सरसकट'मधला 'सर'ही याच घरचा. वाद घालायला तयार आहे.)

हां, पाणलोट राहिला. खोरं अख्ख्या नदीचं. पाणलोट मात्र नदीवरच्या कुठल्याही ठिकाणाचा असू शकतो, पुलाचा किंवा धरणाचा: त्याच्या वरच्या अंगाची, जिथलं पाणी लोटत तिथं येतं ती सगळी जमीन. इजिप्तमधल्या अस्वानला पाऊस जवळजवळ नाहीच, तरी नाईलला तिथे पूर यायचे ते इथिओपियाच्या डोंगराळ पठारावरच्या पावसाने. म्हणून 'नाईल खोऱ्याची सरासरी' असा एकच आकडा कुणी पुढे केला, तर आधी विचारा, कुठल्या ठिकाणाच्या वरची? आणि 'जलविभाजक' ही दोन पाणलोटांमधली रेषा आहे. तिच्यावर कुणी क्षेत्रफळ लिहिलं, तर लाल पेन काढा.