इंग्लंडमधल्या रेड हाउस कोनची ती शंकूसारखी विटांची इमारत म्हणजे नुसतं धुराडं होतं का? स्टुअर्ट क्रिस्टल, म्हणजे स्टुअर्ट कंपनीची काचेची भांडी, तिथेच बनायची का?

धुराडं होतंच, पण काचेचा कारखानाही त्याच्याच पोटात होता. स्टुअरब्रिजजवळ वर्ड्‌स्ली इथे अठराव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड ब्रॅडलीने हा सुमारे ३० मीटर उंच कोन उभारला. मधोमध कोळशाची भट्टी, तिच्याभोवती काम करणारे कारागीर, आणि जमिनीखालच्या बोगद्यांतून आत ओढली जाणारी हवा. वर निमुळता होत जाणारा आकार त्या हवेला जोर देई, म्हणून भट्टी तापे. क्रिस्टलच्या काचेत शिसं असतं. कोळशाच्या धुराने ती डागाळते. त्यामुळे ती उघड्या नव्हे, वरून झाकलेल्या मातीच्या कुंड्यांत वितळवत. खरी हुशारी मला त्या कुंड्यांत दिसते, फोटो मात्र सगळे इमारतीचेच काढतात!

फ्रेडरिक स्टुअर्टने १८८१मध्ये जागा भाड्याने घेतली, म्हणजे कोन त्याच्याआधी जवळपास शंभर वर्षं उभा होता. आणि इथलं उत्पादन १९३६मध्ये थांबलं. त्यामुळे स्टुअर्टचा प्रत्येक पेला या कोनातला नसतो. त्यानंतरचे सगळे दुसरीकडचे. कंपनीचा वर्ड्‌स्लीतला कारखाना २००१मध्ये बंद झाला, कोन मात्र आजही बघता येतो.