मागून टेम्पोनं धडक दिली, भावाच्या मांडीचं हाड मोडलं, कपाळावर टाके पडले, पण त्यानं हेल्मेट घातलं नव्हतं. नुकसानभरपाई मिळेल का?

मिळेल. "हेल्मेट नव्हतं, क्लेम बसणार नाही, पन्नास हजार घ्या आणि सही करा" असं विमा कंपनीच्या माणसानं सांगितलं असेल, तर भावाला आधी सही करण्यापासून थांबवा. हेल्मेट न घालणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ चा भंग आहे, आणि त्याची शिक्षा कलम १९४-डी मध्ये ठरलेली आहे: हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. टेम्पोवाल्याची जबाबदारी त्यानं माफ होत नाही.

मी वकील आहे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जखमींच्या बाजूनं उभा राहतो. दुचाकीच्या दाव्यात कंपनीचा ठरलेला बचाव म्हणजे कॉन्ट्रिब्युटरी नेग्लिजन्स, म्हणजे जखमीचाही निष्काळजीपणा होता. यावर सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०२० चा एक निकाल तुमच्या फार उपयोगाचा आहे. मोटारसायकलवर तिघे होते, मागून कारनं ठोकलं, मागे बसलेला तरुण गेला. ट्रिपल सीटमुळे हायकोर्टानं दहा टक्के कापले होते, ते सुप्रीम कोर्टानं परत दिले. नुसता नियम मोडला एवढं पुरत नाही. त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, असा संबंध दिसायला हवा, असं कोर्टानं सांगितलं.

आता हे तुमच्या भावाला लावून बघा. टेम्पो मागून आला, त्याचा हेल्मेटशी काय संबंध? राहिली इजा. मांडीचं हाड मोडून रॉड टाकावा लागलाय, तो हेल्मेट असतं तरी टाकावाच लागला असता. प्रश्न येतो तो कपाळावरच्या टाक्यांपुरता. डोक्याची इजा मोठी असती तर मात्र मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. मेंदूत रक्तस्राव झालेल्या प्रकरणांत दहा-पंधरा टक्के कपात होताना दिसते, आणि काही वेळा ती जखमेपुरती न करता सरसकट एकूण रकमेतून होते. तिथं वकिलानं भांडायला हवं. हेल्मेटमुळे इजा कमी झाली असती हे कंपनीनं पुराव्यानं दाखवायचं असतं, नुसतं लेखी जबाबात लिहून भागत नाही.

पन्नास हजार किती कमी आहेत ते पाहा. भावाचं वय ३२, सिद्ध होणारी कमाई महिना २०,००० आणि कामाच्या दृष्टीनं अपंगत्व २० टक्के धरू. वर्षाचे २,४०,०००, त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, या वयाचा गुणक (वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा) १६, आणि त्याचे २० टक्के: १०,७५,२००. दवाखान्याची बिलं आणि वेदनांची भरपाई वेगळी. यातून दहा टक्के कापले तरी साडेनऊ लाखांच्या वर राहतात. अपंगत्वाचा आकडा पाय किती टक्के अधू झाला यावर नाही, त्यामुळे कामावर किती परिणाम झाला यावर ठरतो. भाऊ दिवसभर उभं राहून काम करत असेल तर ते डॉक्टरांच्या आणि मालकाच्या साक्षीतून नीट येऊ द्या.

"हेल्मेट होतं असं सांगू का?" हा पुढचा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक अशिलाकडून येतो. सांगू नका. घटनास्थळ पंचनामा, दवाखान्याचे कागद, कुणीतरी मोबाइलवर काढलेले फोटो, कुठून तरी निघतंच, आणि उलटतपासात एक खोटं पकडलं की खरी मांडीसुद्धा संशयात जाते. हेल्मेट टाकीवर ठेवलं होतं किंवा पट्टा लावला नव्हता, तर तेही तसंच सांगा. पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलंच हेल्मेट कायदा हेल्मेट मानतो. (आरशाला हेल्मेट लटकवून फिरण्याची आपल्याकडची पद्धत त्यात बसत नाही, हे वेगळं सांगायला नको.)

एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि टेम्पोच्या विम्याची प्रत आजपासूनच गोळा करा. तडजोड लोकअदालतीत करायला हरकत नाही, पण अपंगत्वाचा दाखला हातात आल्यावर. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो, त्यामुळे हाड जुळेपर्यंत थांबू नका. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी भाऊ राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा टाकता येतो.