१९७० च्या शेव्हेलला ओव्हरड्राइव्हचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचाय: ७००आर४ घ्यावा की २००-४आर?

तुमच्या गाडीची कुंडली आधी मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल, ३५० घनइंचांचं इंजिन, कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जरासा तापट, म्हणजे वरच्या फेऱ्यांना जोर देणारा, मागे टर्बो ३५० म्हणजे तीन गिअरचा ऑटोमॅटिक आणि ३.७३ चा ॲक्सल, म्हणजे चाकाच्या एका फेरीला ड्राइव्हशाफ्टच्या ३.७३ फेऱ्या. हायवेला ६५ मैलांवर इंजिन एवढं ओरडतं की घरचे दुसऱ्यांदा बसायला तयार नाहीत. एक जण म्हणतो ७००आर४ टाका, दुसरा म्हणतो २००-४आर, तिसऱ्याचा आग्रह ४एल८०ई चा. तिन्ही जनरल मोटर्सचे चार गिअरचे ऑटोमॅटिक, चौथा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरवणारा.

या गाडीला मी २००-४आर बसवीन. पण त्याआधी अर्धा तास काढून गाडीखाली जा.

तुम्ही ३.७३ लिहिलंय ते कशावरून? आधीच्या मालकाने सांगितलं म्हणून? पन्नास वर्षांत या गाड्यांचे मागचे ॲक्सल किती वेळा बदललेत याचा पत्ता कुणालाच नसतो. मागची दोन्ही चाकं उचला, खाली पक्के स्टँड लावा, ड्राइव्हशाफ्टवर खडूने खूण करा. दोन्ही चाकं एकदम एक पूर्ण फेरी फिरवायची आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. पावणेचारच्या जरा अलीकडे खूण थांबली तर ३.७३. तीनच्या थोडं पुढे थांबली तर ३.०८, आणि मग सगळं गणितच बदलतं.

इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या काढायचं गणित सोपं आहे. मैलांतला वेग गुणिले ॲक्सल गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचांतला व्यास. (३३६ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. मैलाचे ६३,३६० इंच, त्याला ६० मिनिटांनी आणि π ने (३.१४) भागलं की तो येतो.) २३५/६०/१५ चा टायर साधारण २६.१ इंचांचा. ६५ मैलांना ३.७३ वर इंजिन ३,१२० च्या आसपास फिरतं, वर कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणारा भाग) घसरतो ते वेगळंच. तेच २००-४आर च्या ०.६७ च्या ओव्हरड्राइव्हमध्ये २,०९० आणि ७००आर४ च्या ०.७० मध्ये २,१८५. म्हणजे हायवेपुरतं पाहिलं तर या दोन गिअरबॉक्समध्ये शंभर फेऱ्यांचासुद्धा फरक नाही. लोक चौथ्या गिअरवरून भांडतात, खरा फरक पहिल्यात आहे.

टर्बो ३५० चा पहिला गिअर २.५२. २००-४आर चा २.७४. ७००आर४ चा ३.०६. याला ॲक्सलने गुणा. आज तुमची गाडी ९.४ च्या पटीने सुटते. २००-४आर टाकलात तर १०.२. ७००आर४ टाकलात तर ११.४, आणि तेवढं या गाडीला नको. सिग्नलला सुटलात की चौक ओलांडायच्या आत दुसरा पडतो. शिवाय ७००आर४ चा दुसरा १.६३ चा आहे. ५,००० ला गिअर पडला की इंजिन थेट २,६६० वर आपटतं. तापट कॅमला तिथे दम नसतो, गाडी श्वास घेतल्यासारखी थांबते आणि मग पुन्हा उचलते. २००-४आर मध्ये तेच २,८६५ च्या आसपास येतं. आकडा छोटा वाटतो, पण पायाला कळतो.

आता गंमत बघा. ॲक्सल ३.०८ निघाला तर ३.०६ गुणिले ३.०८ म्हणजे ९.४२. म्हणजे ७००आर४ लावून साध्या ३.०८ वर तुम्हाला टर्बो ३५० आणि ३.७३ च्या जोडीइतकीच सुटण्याची ताकद मिळते आणि हायवेला इंजिन १,८०० वर. शांत, मूळ कॅमच्या गाडीला हे फार छान लागतं. तापट कॅमला १,८०० वर कुंथायला होतं, चढ आला की गाडी थरथरते. म्हणून गिअरबॉक्स एकटा निवडायचा नसतो. कॅम, टायर, ॲक्सल आणि गिअरबॉक्स ही चार जणांची पंगत आहे, एकाला वाढून भागत नाही.

ओव्हरड्राइव्हवाले हे ऑटोमॅटिक आपल्या गाड्यांच्या काळात नव्हतेच. १९७३ ची तेलटंचाई, १९७४ ची ५५ मैलांची वेगमर्यादा, १९७५ चा इंधनबचतीचा कायदा, हे सगळं झाल्यावर कंपन्यांना चौथा गिअर सुचला. २००-४आर १९८१ चा, ७००आर४ १९८२ चा. तोवर मसल कारचा जमाना आटोपला होता. म्हणजे आपण करतो ते एका पिढीच्या गाडीला पुढच्या पिढीचा अवयव बसवणं, आणि म्हणून मापं महत्त्वाची.

मापात २००-४आर सरळ जिंकतो. लांबी टर्बो ३५० इतकीच, २७.७ इंच. ड्राइव्हशाफ्ट तोच, मागचे २७ दातेही तेच. फक्त मागचा माउंट टर्बो ४०० (टर्बो ३५० चा दणकट भाऊ) च्या जागी येतो, म्हणून क्रॉसमेंबर, म्हणजे गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी, मागे सरकवायचा. शेव्हेलला मोठ्या इंजिनाबरोबर टर्बो ४०० कंपनीतूनच येत असे, त्यामुळे बहुतेक गाड्यांत चासीवर ती सोय असते. ७००आर४ मात्र ३०.७५ इंचांचा. ड्राइव्हशाफ्ट तीन इंच कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यायचा, क्रॉसमेंबर वेगळा. अवघड काही नाही, पण प्रत्येक गोष्टीचे डॉलर लागतात.

आता मुख्य मुद्दा. या दोन्ही गिअरबॉक्सना एक केबल असते, टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची. टर्बो ३५० लाही कार्ब्युरेटरपासून एक केबल जाते, ती किकडाउनची, म्हणजे पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी. ती तुटली तर किकडाउन मिळत नाही, बाकी गाडी चालते, कारण ऑइलच्या दाबाचं काम तिथे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर करतो. दिसायला दोन्ही केबल सारख्या, म्हणून लोक टीव्ही केबललाही किकडाउनची समजतात आणि ‘नंतर बघू’ म्हणून सोडतात. पण इथे मॉड्युलेटर नाही. तुम्ही पाय किती दाबलाय हे गिअरबॉक्सला फक्त या केबलमधूनच कळतं, आणि त्यावर तो ऑइलचा दाब ठरवतो. केबल सैल म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे क्लचप्लेटा घसरणार.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतःच्या पैशाने शिकलोय. माझी शेव्हेल १९७२ ची. ओहायोत एका गॅरेजने तिला ७००आर४ बसवून दिला. गाडी ताब्यात देताना तो माणूस म्हणाला, किकडाउनची केबल जरा ढिली आहे, सावकाश जुळवून घ्या. मीही मान डोलावली. घर चाळीस मैल. निम्म्या वाटेवर तिसऱ्यातून चौथा पडताना इंजिन क्षणभर मोकळं धावलं, जसं न्यूट्रलमध्ये पाय दिल्यावर धावतं. मला वाटलं, नवीन आहे, बसेल. घरी येऊन डिपस्टिक काढली तर लाल ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं आणि वास करपलेल्या फोडणीचा. पुढच्या शनिवारी तळाचं पॅन उघडलं. बोटाला काळा, बारीक गाळ लागला, काजळासारखा. ती तिसऱ्या-चौथ्याच्या क्लचची अख्खी अस्तरं होती. गॅरेजवाल्याचं चुकलं हे खरंच, पण बॉनेट उघडून दहा मिनिटं केबल न पाहता निघालो तो मीच.

तर केबल अशी जुळवायची. इंजिन बंद. एकाला आत बसवून पाय पूर्ण दाबायला सांगा. त्या वेळी केबल शेवटपर्यंत ओढली गेली पाहिजे, आणि पाय सोडल्यावर तिच्यात झोल राहता कामा नये. दोन्ही एकदम साधत नसेल तर दोष कार्ब्युरेटरच्या लिव्हरच्या चापाचा. हॉली किंवा एडलब्रॉक या बाहेरच्या कंपन्यांच्या कार्ब्युरेटरचा लिव्हर मूळच्या कार्ब्युरेटरसारखा खेचत नाही. त्यासाठी दुरुस्तीचा ब्रॅकेट मिळतो, तो घ्याच, तारेने जुगाड करू नका. जुगाडाची आवड मलाही आहे, उद्यमनगरच्या गल्लीत वाढलेल्या कोल्हापूरकराला ती असायचीच, पण ही जागा त्याची नाही. शक्य असेल तर दाबाचा गेज लावून पाहा. केबल ओढली की काटा लगेच चढायला लागला पाहिजे.

दुसरी गोष्ट लॉकअपची, म्हणजे कन्व्हर्टर आतून क्लचने घट्ट जोडण्याची. चौथ्यात कन्व्हर्टर लॉक झाला नाही तर तो घसरत राहतो आणि सगळी उष्णता ऑइलमध्ये जाते. तुमच्या गाडीत त्यासाठी वायरिंग नाही, ते टाकावं लागेल: १२ व्होल्ट, ब्रेकच्या स्विचमधून, चौथ्या गिअरच्या प्रेशर स्विचवर. ब्रेकमधून का? कारण ब्रेक दाबल्यावर लॉक सुटला नाही तर सिग्नलला गाडी बंद पडेल. रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलरही बसवा, टेक्सासच्या उन्हात त्याची चैनीत गणना होत नाही.

२००-४आर आणायचा कुठून? ऐंशीच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतून: कॅप्रिस, कटलास, मोंटे कार्लो एसएस. ब्यूइक ग्रँड नॅशनलचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण त्याच्या नावाचेच पैसे मोजावे लागतात. कुठलाही आणा, तो चाळीस वर्षांचा म्हातारा आहे. उघडून नव्याने बांधून घ्या आणि बांधणाऱ्याला थेट विचारा की पंपात हार्डन्ड रिंगा टाकणार का, बँड रुंद टाकणार का. तो हसून उडवून लावत असेल तर दुसरा माणूस शोधा. ७००आर४ घ्यायचंच ठरलं तर १९८७ नंतरचा घ्या. अगदी पहिल्या वर्षांतले नाजूक निघाले होते आणि त्यांचा इनपुट शाफ्ट २७ दात्यांचा, नंतरच्यांचा ३० चा, त्यामुळे कन्व्हर्टरही एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

४एल८०ई बद्दल थोडक्यात: १९९१ चा, टर्बो ४०० चाच वंशज, चौथा ०.७५, अंगाने दणकट. ४५४ चं मोठं इंजिन असतं किंवा पाचशेच्या वर अश्वशक्ती असती तर मीही तोच म्हटला असता. तुमच्या ३५० ला तो म्हणजे सायकलला ट्रकचं चाक. वजन जास्त, चालवायला कॉम्प्युटर लागतो, फरशीच्या मधल्या उंचवट्याला, म्हणजे टनेलला, थोडा हातोडाही लागतो. ७००आर४ चा पुढचा अवतार ४एल६०ई, त्यालाही कॉम्प्युटर लागतो, आणि तुमचा केबलवाला स्पीडोमीटर त्याच्याशी थेट बोलत नाही.

फोर्डवाल्यांनी एओडी पाहावा, पण त्याचा पहिला गिअर २.४० म्हणजे आळशी. त्यापेक्षा २.८४ चा ४आर७०डब्ल्यू बरा. डॉजवाल्यांना ४६आरएच आहे, फक्त त्याची शेपटी जाड, म्हणून फरशीचा पत्रा कापावा लागतो. जुन्या मूळ गाडीचा पत्रा कापायला माझा हात धजणार नाही. गिअर व्हेंडर्स कंपनीचं ०.७८ चं ओव्हरड्राइव्ह युनिट मूळ गिअरबॉक्सच्या मागे जोडता येतं. ते मजबूत आहे, पण त्या पैशांत २००-४आर बांधून वर बरंच उरतं.

बसवून झाल्यावर गावात चौथा वापरू नका. पंचेचाळीसच्या खाली तिसऱ्यातच ठेवा, हायवेला लागलात की वर टाका. शिफ्टरलाही एक खाच जास्त लागेल, कन्सोलच्या नालाच्या आकाराच्या शिफ्टरसाठी तसा किट मिळतो. किटात अक्षरांची नवी पट्टीही येते. माझ्या दुसऱ्या गिअरबॉक्सच्या वेळची (हो, दुसरा मी २००-४आर घेतला) ती पट्टी अजून ड्रॉवरमध्येच पडली आहे. त्यामुळे गाडी कुणाच्या हातात दिली की खिडकीत वाकून सांगावं लागतं, डी दिसतो तिथे डी नाहीये, एक घर अलीकडे आहे.