गोष्टीतली दुसरी आई आणि घरातली

डिचोलीहून आलेल्या पत्राखाली नाव नाही, ‘दुसरी’ एवढीच सही आहे. मजकूर थोडक्यात असा : लग्नाला दीड वर्ष झालं. नवऱ्याची पहिली बायको आजारपणात गेली, तिची मुलगी आता दहा वर्षांची आहे. गणेशचवथीच्या सुट्टीत तिने आतेभावंडांबरोबर ‘कोरालाइन’ हा सिनेमा पाहिला, मग मूळ पुस्तक मिळवून वाचलं. त्यातल्या ‘अदर मदर’चं मराठी तिने आपलं आपणच केलं : दुसरी आई. गेल्या आठवड्यात या बाई सोप्यावर बसून गणवेशाचं तुटलेलं बटण लावत होत्या. मुलगी शाळेतून आली, हातातली सुई आणि बटण बघितलं आणि किंचाळत शेजारी पळाली. सासूबाई म्हणतात, पुस्तक चुलीत घाला. ‘मी तिच्यासाठी जीव टाकते, आणि तिला मी चेटकीण वाटते. काय करू?’

बाय, तुझी सही वाचून पोटात कालवलं. तुला ‘तू’च म्हणते, राग मानू नकोस.

गोष्ट तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. नील गेमनच्या 2002 सालच्या त्या पुस्तकात सावत्र आई नाहीच. कोरालाइनचे सख्खे आईवडील घरातच आहेत, पण दिवसभर कामात बुडालेले. घरातल्या एका बंद दारापलीकडे तिला हुबेहूब तसंच घर सापडतं. तिथे आईच्या चेहऱ्याची एक बाई आहे. ती सुग्रास रांधते, मुलीवरून नजर हलवत नाही. फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणं आहेत. इथेच राहा, म्हणते, एवढंच कर, तुझ्याही डोळ्यांवर बटणं शिवू दे. तुझ्या लेकीने सुई बघून किंकाळी का फोडली, ते आता कळलं ना? ती तुला बघून घाबरली नव्हती, त्या सुईला घाबरली होती. मराठीत ‘दुसरी आई’ म्हटलं की सावत्र आईच, त्याला ती पोर काय करणार!

आणि सावत्र आईच्या माथी हे खापर फार जुनं आहे. ग्रिम बंधूंच्या परीकथांची पहिली आवृत्ती 1812 ची. त्यात हान्सेल-ग्रेटेलला रानात सोडून द्यायला लावणारी आणि हिमगौरीच्या जिवावर उठलेली, दोघीही सख्ख्या आया होत्या. पुढच्या आवृत्त्यांत त्या सावत्र करून टाकल्या. सख्खी आई अशी वागू शकते हे लोकांना सोसलं नसावं. ते तेव्हापासूनचं ओझं आज डिचोलीत तुझ्या खांद्यावर येऊन बसलंय. ते तुझं नाही.

आपल्याकडेही हे भय नवं नाही. देवळातल्या कीर्तनात पूतनेचं आख्यान ऐकून लहानपणी मी आईच्या कुशीत दडले होते. देखणी बाई येते, बाळाला मांडीवर घेते, विष लावलेलं स्तन तोंडात देते. भागवतातलं एक मला मोठेपणी उमगलं : यशोदा आणि रोहिणी तिथेच होत्या, आणि तिच्या रूपाला भुलून नुसत्या बघत राहिल्या. पूतनामावशीचं प्रेम मोठ्यांना ओळखता आलं नाही, तान्ह्याला आलं. म्हणून पुस्तक चुलीत घालू नकोस. तुझ्या लेकीला या गोष्टीतून मोलाचं काही मिळालंय. गोड बोलणाऱ्या माणसाकडेही निरखून बघावं, हे तिला कळलंय. उद्या कुणी लाडात येऊन ‘हे आपल्या दोघांतच हं’ म्हणालं, तर ती थबकेल. तसं काही कानावर आलं तर आधी तिच्यावर विश्वास ठेव. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, तो आकडा तिला पाठ करून दे.

आता थोडं कडू बोलते, कारण पत्रात दोन वाक्यं तू सहज लिहून गेलीस आणि माझं मन तिथेच अडकलंय. एक, ‘आई म्हटलंस तर सायकल घेऊन देईन असं मी तिला सांगितलं.’ दुसरं, ‘ती रडते म्हणून तिच्या आईचा फोटो मी हॉलमधून काढून कपाटात ठेवला.’

बाय, दोन्ही तू मायेनेच केलंस, याबद्दल मला शंका नाही. पण दहा वर्षांच्या मुलीच्या जागी बसून बघ. त्या बटणवालीची ओळख तिच्या डोळ्यांत नाही, ती पुढे कळते. कोरालाइन नाही म्हणते तेव्हा ती बाई तिला आरशामागच्या अंधारात कोंडते आणि सांगते, प्रेमळ लेक व्हायला शिकलीस की बाहेर ये. नकार सोसत नाही, हीच तिची खूण. तुझ्या लेकीला सायकलीची अट ऐकू आली, आईचा फोटो दिसेनासा झाला, आणि वर हातात सुई. तिने आपली बेरीज केली. बेरीज चुकली, पण आकडे घरातलेच होते.

फोटो आजच्या आज जागेवर लाव. तिलाच खिळा दाखवायला सांग. रडली तर रडू दे, तूही जवळ बस. सायकल घ्यायचीच असेल तर काही न मागता घे. तुला काय हाक मारायची, ते तिला ठरवू दे. मावशी, काकी, नावाने, काहीही. हळदीच्या पानातल्या पातोळ्या तिला आवडतात म्हणून तू दर रविवारी करतेस आणि ती ताट सरकवते, असं लिहिलंयस. नको म्हणाली तर ‘बरं’ म्हण आणि झाकून ठेव. नंतर खाल्ल्या की नाही, हे विचारूही नकोस. तिची ‘नको’ तुझ्या घरात सुखरूप राहते, हे तिला पुन्हा पुन्हा दिसायला हवं. त्याला महिने लागतील. वर्षही लागेल.

ते पुस्तक मात्र तिच्याकडून वाचून घे. ‘मला इंग्रजी नीट येत नाही, तू सांग’ म्हण. आपल्याकडची पोरं रात्र रात्र जागून नरकासुराचा पुतळा उभा करतात आणि दिवाळीच्या पहाटे स्वतःच जाळतात. हाताने घडवलेल्या भयाचं तेवढं भय उरत नाही. तिलाही ती बाई चितारू दे, बटणंसुद्धा चिकटवू दे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी खरी आहे, फक्त चूल नको.

आणि तो गणवेश अजून तसाच पडला असेल. बटणांचा डबा तिच्यापुढे ठेव आणि विचार, कोण लावणार, तू की मी? दोघी नको असं म्हणाली, तर फोंड्याच्या तिच्या आजीकडे पाठवून दे. आजी लावून देईल.