चांगल्या फ्रेमला पोलराइज्ड काचा बसवताना

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी अलिबागला राहतो आणि नोकरीसाठी रोज सकाळी गाडीने पनवेलला जाऊन संध्याकाळी परत येतो. माझ्याकडे आठ वर्षांपूर्वी घेतलेला प्लॅस्टिकच्या फ्रेमचा गॉगल आहे. फ्रेम अजून उत्तम आहे आणि नाकावर नीट बसते. पण काचांवर इतके ओरखडे पडले आहेत की समोरून ऊन आले की सगळेच धुरकट दिसते. त्यात पोलराइज्ड काचा बसवून घ्याव्यात असा विचार आहे. एका दुकानात टीएसी, दुसऱ्यात सीआर-३९ आणि तिसऱ्यात पॉलिकार्बोनेट काचा घ्या असे सांगितले. मला दूरचा उणे १.७५ नंबर आहे. निवड कशाच्या आधारावर करावी?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपल्या नंबरमुळे एक पर्याय आपोआप बाद होतो. टीएसीच्या काचा म्हणजे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून तयार केलेल्या बिननंबरच्या काचा असतात. त्या स्वस्त आणि हलक्या असतात, पण त्यांवर ओरखडे लवकर पडतात आणि उष्णतेने त्या वाकतात. नंबरच्या गॉगलसाठी त्यांचा विचारच करू नये. उरलेल्या दोन पर्यायांकडे वळण्यापूर्वी पोलराइज्ड काच काय करते आणि काय करत नाही, हे पाहणे आवश्यक आहे, कारण माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा गोंधळ तिथेच असतो.

ऊन पाणी, ओला रस्ता, गाडीचे रंगवलेले बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून परावर्तित होते, तेव्हा त्या प्रकाशातील कंपने मोठ्या प्रमाणावर आडव्या दिशेची असतात. पोलराइज्ड काचेतील पातळ थर उभ्या दिशेची कंपने डोळ्यापर्यंत येऊ देतो आणि आडवी अडवतो. त्यामुळे चकाकी विरते आणि तिच्याखाली झाकलेला रस्ता किंवा पाण्याचा तळ दिसू लागतो. परावर्तित प्रकाशाचा हा गुण १८०८ साली एत्येन-लुई मालुस या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आला. पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर मावळतीचे ऊन पडले होते आणि तो ते कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. (तसे कॅल्साइट आपल्याकडे दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांतही सापडते.)

मात्र या कामाला मर्यादा आहेत आणि त्या आपल्यासारख्या वाहनचालकाने आधीच जाणून घ्याव्यात. पाण्यावरची चकाकी जवळजवळ पूर्णपणे जाते ती सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंश वर असताना. तो जसजसा खाली उतरतो, तसतसा पोलराइज्ड काचेचा प्रभाव कमी होत जातो, आणि सूर्याकडून थेट डोळ्यांवर येणारा प्रकाश तर ध्रुवीकृत (पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेच्या कंपनांचा) नसतोच. सकाळी पनवेलकडे जाताना आणि संध्याकाळी अलिबागकडे परतताना ऊन बराच वेळ आपल्या समोर असणार. त्या वेळी ही काच इतर कोणत्याही तितक्याच गडद काचेइतकेच काम करील. तिथे खरा उपयोग होईल तो गाडीतल्या सन-व्हायझरचा आणि आतून-बाहेरून स्वच्छ पुसलेल्या समोरच्या काचेचा. आपल्याला पोलराइज्ड काचेचा मोठा लाभ दुसऱ्या ठिकाणी होईल. डॅशबोर्डाचे पांढुरके प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून तिच्यावर जो पडदा आल्यासारखा दिसतो, तो बराचसा नाहीसा होईल. बॉनेटवरची चमक आणि पावसाची सर येऊन गेल्यावर गाडीच्या जवळच्या ओल्या रस्त्यावरची चमकही कमी होईल. हा फरक एकदा अनुभवलेले ग्राहक सहसा साध्या काचांकडे परत वळत नाहीत, आणि मीही त्यांना तसा सल्ला देत नाही.

दुसरा गोंधळ अतिनील किरणांबाबतचा. चकाकी अडवणे आणि अतिनील किरण अडवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. काच पोलराइज्ड आहे म्हणून ती डोळ्यांचे रक्षण करीलच असे गृहीत धरू नये. ‘यूव्ही ४००’ असा स्पष्ट उल्लेख असलेलीच काच मागावी, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. काच गडद असूनही अतिनील किरण आत येऊ देत असेल, तर ती साध्या पांढऱ्या चष्म्यापेक्षाही वाईट, कारण गडदपणामुळे बाहुली विस्फारते आणि किरणांना आत शिरायला जास्त वाट मिळते. बऱ्याच दुकानांत अतिनील किरण मोजण्याचे छोटे यंत्र असते. काच त्यावर ठेवून दाखवा, असे दुकानदाराला निःसंकोच सांगावे.

गडदपणाच्या ० ते ४ अशा पाच श्रेणी आहेत. वाहन चालवण्यासाठी व आपल्याकडच्या उन्हासाठी तिसरी श्रेणी योग्य. तिच्यातून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो. चौथ्या श्रेणीतून ३ ते ८ टक्केच प्रकाश येतो आणि ती वाहन चालवताना वापरायची नसते. ‘फिकट पोलराइज्ड काच द्या, म्हणजे रात्रीही चालेल’ असे कोणी म्हटले तर त्याला नकार द्यावा लागतो, कारण ध्रुवीकरण करणारा थर स्वतःच जवळपास निम्मा प्रकाश अडवतो. दिवे लागण्याच्या वेळी हा गॉगल काढून साधा नंबरचा चष्मा लावावा, आणि तो गाडीत नेहमी ठेवावा. रंगाबाबत माझे मत असे की करडा रंग घ्यावा. त्यातून सिग्नलचे आणि इतर रंग फारसे बदलत नाहीत. तपकिरी रंगातून खड्डे आणि उंचवटे थोडे उठून दिसतात, म्हणून काहींना तो आवडतो. निळा-हिरवा आरशासारखा मुलामा मुख्यतः हौसेचा, आणि ओरखडा पडला की तो फार वाईट दिसतो. त्याऐवजी काचेच्या आतल्या बाजूला परावर्तनविरोधी कोटिंग करून घ्यावे. पाठीमागून येणारे ऊन काचेच्या आतल्या पृष्ठभागावर आपटून डोळ्यांत जाते, ते त्याने थांबते.

आता सीआर-३९ की पॉलिकार्बोनेट. दोन्ही प्लॅस्टिकचेच प्रकार आहेत. उणे १.७५ नंबर आणि पूर्ण रिमची, फारशी वक्र नसलेली फ्रेम असेल, तर मी सीआर-३९ सुचवीन. तिच्यातून पाहताना दृश्य अधिक स्वच्छ दिसते, आणि कडेने पाहताना वस्तूंना जी रंगीत किनार येते ती तिच्यात फार कमी असते. पॉलिकार्बोनेट आघात सहन करण्यात कितीतरी सरस आहे. फ्रेम हाफ-रिम असेल, काचेला भोके पाडून स्क्रू लावायचे असतील, किंवा क्रिकेट-सायकलसाठी गॉगल वापरायचा असेल, तर तीच घ्यावी. तिला नेलपॉलिश काढण्याचे अ‍ॅसिटोन मात्र अजिबात लागू देऊ नये. काच जागच्या जागी तडकते. आपली फ्रेम कानांकडे वळलेली, खेळाडू वापरतात तशी असेल, तर नंबरच्या काचा बसवण्यापूर्वी दुकानदाराशी नीट बोलावे. वक्र फ्रेममध्ये काच डोळ्यासमोर तिरकी येते, त्यामुळे नंबरात दुरुस्ती करून काच बनवावी लागते; आणि फ्रेमच्या वक्रतेशी न जुळणारी काच कितीही घट्ट बसवली तरी थोड्याच दिवसांत रिममधून बाहेर येऊ पाहते.

काचा सांगण्यापूर्वी नंबर पुन्हा तपासून घ्या. जुन्या काचा, कितीही ओरखडलेल्या असल्या, तरी फ्रेमसोबत दुकानात न्या. त्यांवरून आकार अचूक घेता येतो. आठ वर्षांची प्लॅस्टिकची फ्रेम वाळून ठिसूळ झालेली असू शकते आणि काच बसवण्यासाठी गरम करताना ती तडकू शकते. तशी वेळ आली तर जबाबदारी कोणाची, हे आधीच बोलून घेतलेले बरे.

प्रश्न : मी गोल धातूच्या फ्रेमसाठी तयार कापलेल्या पोलराइज्ड काचा ऑनलाइन मागवल्या आणि घरीच बसवल्या. पाषाण तलावाच्या काठाने फिरताना उजव्या डोळ्याने पाणी शांत दिसते, तर डाव्या डोळ्याला चमचम जाणवते आणि थोड्या वेळाने डोके दुखू लागते. डावी काच बनावट असेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा काच खरी आहे, पण रिममध्ये फिरलेली आहे. गोल फ्रेमचा हा नेहमीचा दोष आहे, कारण चौकोनी काच जागा सोडून फिरू शकत नाही, गोल काच मात्र स्क्रू जरा सैल झाला की फिरते, आणि तिच्याबरोबर ध्रुवीकरणाची दिशाही फिरते. काच २० अंशांनी फिरली तर जी चकाकी अडायला हवी तिच्यापैकी सुमारे १२ टक्के आत येते. ३० अंशांनी फिरली तर चौथा हिस्सा. एका डोळ्याला चकाकी दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, अशा स्थितीत दोन्ही डोळ्यांची दृश्ये जुळवताना त्रास होतो. आपल्या डोकेदुखीचे कारण तेच असण्याची शक्यता आहे.

तपासणी सोपी आहे. सूर्य बराच वर असताना पाण्याकडे किंवा चकचकीत फरशीवरच्या उजेडाकडे पाहा, उजवा डोळा मिटून घ्या आणि मान हळूहळू एका खांद्याकडे, मग दुसऱ्या खांद्याकडे झुकवा. चकाकी सर्वांत कमी दिसते तेव्हा मान ताठ असेल तर काच सरळ आहे. मान तिरकी असेल तर काच तितकीच फिरलेली आहे. नंतर दुसऱ्या डोळ्याने हेच करा. स्क्रू थोडा सैल करून काच जागेवर आणा आणि पुन्हा घट्ट करा. मी ग्राहकासमोर हे काम करतो तेव्हा काच सरळ झाल्यावर रिमच्या वरच्या कडेशी तिच्यावर पेनाने बारीक खूण करून ठेवतो, म्हणजे पुढे ती फिरली तर लगेच कळते. कितीही फिरवली तरी चकाकी कमी-जास्त होत नसेल, तर मात्र ती काच पोलराइज्ड नाही आणि विक्रेत्याकडे परत पाठवावी.

आपल्या काचांना नंबर नाही म्हणून हे घरी जमते. नंबरात सिलिंडर (ठरावीक दिशेतच लागू होणारा नंबर) असेल तर हे काम दुकानातच करावे, कारण तिथे सिलिंडरचा अक्ष आणि ध्रुवीकरणाची दिशा अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात.

प्रश्न : नव्या पोलराइज्ड गॉगलमधून मोबाइल आडवा धरला की पडदा काळा होतो, आणि मोटारींच्या मागच्या काचेवर ठिपके-ठिपके दिसतात. काचा सदोष आहेत का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाहीत. मोबाइलच्या पडद्यातून येणारा प्रकाश स्वतःच ध्रुवीकृत असतो, म्हणून तो एका दिशेने काळा आणि दुसऱ्या दिशेने स्वच्छ दिसतो. मोटारीची मागची काच कडक करण्याच्या प्रक्रियेत तिच्यात ताण राहतात, आणि ते ताण या गॉगलमधून ठिपक्यांच्या रूपात दिसतात. आपल्या गाडीतील वेगाचा किंवा नकाशाचा पडदा मात्र गॉगल लावून एकदा अवश्य पाहून घ्या. तो काळा पडत असेल तर त्या गाडीत साध्या, पण यूव्ही ४०० असलेल्या काचा वापरा. आणि गॉगल उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डावर ठेवू नका, कारण तिथल्या उष्णतेने आतला थर कडेपासून सुटू लागतो, काचेच्या कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसतो आणि मग ती काच बदलण्यावाचून उपाय उरत नाही.