वाचकांचे प्रश्न : खटके, करकर आणि अर्धा आवाज

प्रश्न : एडीएयू१७०१ या ऑडिओ प्रोसेसरच्या इव्हॅल्युएशन बोर्डावर अ‍ॅनालॉग आवाज आत-बाहेर नीट जातो. आता मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा आयटूएस (चिपकडून चिपकडे डिजिटल आवाज नेणारी जोडणी) डेटा प्रोसेसरच्या एमपी० या पायाला, फ्रेम क्लॉक (डावे-उजवे ओळखून देणारा ठोका) एमपी४ला आणि बिट क्लॉक (एकेका बिटचा ठोका) एमपी५ला दिला आहे. आवाज येतो, पण सेकंदाला दोन-तीनदा 'टिक' होते. रूटिंग (आवाजाची वाट) कुठे चुकले?

उत्तर : आवाज येतोय, म्हणजे रूटिंग बरोबर आहे. चुकलाय तो क्लॉक. प्रोसेसर स्वतःच्या १२.२८८ मेगाहर्ट्झ क्रिस्टलवर चालतो, मायक्रोकंट्रोलर त्याच्या. दोन्हींत ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) फरक असला तरी ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला २.४ सॅम्पल (आवाजाची एकेक मोजमापे) मागेपुढे होतात. दर वेळी एक सॅम्पल गळते किंवा दोनदा वाचले जाते, आणि तोच खटका. सिग्मास्टुडिओत (या चिपच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये) कितीही ब्लॉक बदला, तो जाणार नाही.

क्लॉकचा मालक (मास्टर) एकच ठेवा, शक्यतो प्रोसेसर. त्याचे इनपुट पोर्ट स्वतः क्लॉक देत नाही, फक्त घेते; क्लॉक देऊ शकते ते आउटपुट पोर्ट. म्हणून आउटपुट पोर्ट मास्टर करून एमपी१०चा फ्रेम क्लॉक एमपी४ला आणि एमपी११चा बिट क्लॉक एमपी५ला जोडा. याच दोन तारा मायक्रोकंट्रोलरकडे न्या आणि त्याला स्लेव्ह (बाहेरचा क्लॉक घेणारा) करा. ४८ किलोहर्ट्झला बिट क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे फ्रेम क्लॉकच्या ६४ पट, दिसायला हवा. आधी मायक्रोकंट्रोलरचे क्लॉकचे पाय इनपुट करा, मगच तारा जोडा. नाहीतर दोन आउटपुट एकमेकांवर भिडतील. तारा आखूड ठेवा, सोबत ग्राउंडची तार हवीच, आणि क्लॉक जिथून निघतो तिथे ३३ ओहमचा रेझिस्टर लावा.

मायक्रोकंट्रोलर स्लेव्ह होतच नसेल, तर त्याचाच सॅम्पल रेटच्या २५६ पट मास्टर क्लॉक क्रिस्टलऐवजी प्रोसेसरला द्या. एसपीडीआयएफसारखा (एका तारेवरून येणारा डिजिटल ऑडिओ) परका स्रोत असेल तर हा मार्गही सहसा सोयीचा नाही, आणि या चिपमध्ये सॅम्पल रेट कन्व्हर्टर (वेगवेगळ्या क्लॉकचे सॅम्पल जुळवून घेणारा भाग) नाही. तेव्हा वेगळा कन्व्हर्टर किंवा तो आतच असलेला एडीएयू१४५२ घ्यावा.

प्रश्न : याच प्रोसेसरला डिजिटल आवाज दिला, तर हळू आवाज स्वच्छ, मोठा झाला की करकर, आणि डावे-उजवे उलटे. स्पीकर गेला का?

उत्तर : स्पीकर बाजू उलट्या करत नाही! स्रोत डेटा लेफ्ट जस्टिफाइड (पहिला बिट फ्रेम क्लॉक बदलताच) फॉरमॅटमध्ये पाठवतोय आणि प्रोसेसर तो आयटूएस समजून वाचतोय. आयटूएसमध्ये पहिला बिट एक क्लॉक उशिरा येतो, त्यामुळे तुमच्याकडे चिन्हाचा बिटच गळतो आणि उरलेली संख्या दुप्पट होते. फुल स्केलच्या (जास्तीत जास्त पातळीच्या) ६ डेसिबल खालपर्यंत ते खपते, वर गेले की लाट उलटते. प्रोसेसरचा फॉरमॅट बदलताना फ्रेम क्लॉकच्या पोलॅरिटीचा (कोणती पातळी डावी, कोणती उजवी) वेगळा बिटही बदला; तो राहिला तर करकर थांबेल, बाजू उलट्याच राहतील. नेमकी उलट चूक (स्रोत आयटूएस, प्रोसेसर लेफ्ट जस्टिफाइड) असेल, तर अगदी हळू आवाजही फाटका येतो.

प्रश्न : प्रोसेसरमध्ये अ‍ॅनालॉग इनपुट थेट अ‍ॅनालॉग आउटपुटला जोडले, गेन १, तरी आवाज निम्म्याहून कमी.

उत्तर : ते बरोबरच आहे. बाहेरच्या १८ किलोओहम रेझिस्टरसह एडीसीचे (अ‍ॅनालॉगचे डिजिटल करणाऱ्या भागाचे) फुल स्केल २ व्होल्ट आरएमएस आहे, डीएसीचे (डिजिटलचे अ‍ॅनालॉग करणाऱ्याचे) ०.९, म्हणजे सुमारे ७ डेसिबलची घट. तुमचा स्रोत १ व्होल्टचाच असेल तर रेझिस्टर ८ किलोओहम करा.